जर्सी एकाची, वारा साऱ्यांचा

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या शेवटी पिवळी जर्सी घालून मंचावर एकच जण उभा राहतो. वेळही ज्याची त्याचीच मोजतात. त्यामुळे हा एकट्याच्या पायांचा खेळ आहे असं वाटलं, तर त्यात पाहणाऱ्याचा फारसा दोष नाही.

पण संघ आठ जणांचा असतो (२०१८ पूर्वी नऊ) आणि त्यातल्या बाकीच्यांचं मुख्य काम म्हणजे वारा अंगावर घेणं. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की साधारण तिसरा हिस्सा श्रम वाचतात. २१ टप्पे असं जपलेला नायक शेवटच्या घाटात ताजा असतो. बाटल्या आणणं, प्रसंगी स्वतःचं चाक काढून देणं हेही सहकाऱ्यांकडेच. १९३४ साली वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आंतोनँ मान्यला चाक दिलं. टूर मान्यने जिंकली.

अशा मदतनिसाला ‘दोमेस्तीक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. १९११ मध्ये टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी हा शब्द एका सायकलपटूला हिणवण्यासाठी वापरला होता. दोमेस्तीक म्हणजे दुय्यम कुवतीचा, हा समज बहुधा या नावामुळेच टिकला असावा.

त्याला उत्तर सेप कुस. २०२३ मध्ये या अमेरिकनाने जम्बो-व्हिस्मा संघासाठी इटलीच्या मोठ्या शर्यतीत संघनायक रोग्लिचला, मग टूरमध्ये दुसरा नायक विंगेगार्डला जिंकायला मदत केली. तिसरी मोठी शर्यत स्पेनची व्हुएल्टा. तिथे सहाव्या टप्प्यात तो आघाडीच्या टोळीतून पुढे निसटला, टप्पा जिंकला आणि दोन दिवसांनी आघाडीवीराची लाल जर्सी त्याच्या अंगावर आली. गडी मालक झाला, आणि मालकांना काही ते झेपेना! सतराव्या टप्प्यात, आंग्लिरूच्या छातीवर येणाऱ्या चढावर, रोग्लिच आणि विंगेगार्ड आपल्याच संघाच्या आघाडीवीराला मागे टाकून निघून गेले. कुसला आधार मिळाला तो मिकेल लांडाच्या चाकाचा, आणि लांडा होता प्रतिस्पर्धी संघातला. जर्सी वाचली अवघ्या ८ सेकंदांनी. त्यानंतर कुठे संघाने कुसमागे उभं राहायचं ठरवलं. माद्रिदला कुस पहिला, विंगेगार्ड १७ सेकंदांनी दुसरा, रोग्लिच तिसरा.

तेव्हा जर्सीचा रंग एक म्हणून मनंही एक, असं समजू नये. १९८५ मध्ये संघसहकारी ग्रेग लेमाँडच्या मदतीने टूर जिंकलेल्या बर्नार इनोने पुढच्या वर्षी त्याला साथ देण्याचा शब्द दिला होता. ते वर्ष उजाडल्यावर इनो लेमाँडवरच हल्ले चढवत राहिला. जिंकला मात्र लेमाँडच.

आणि बक्षिसाचे पैसे? टूरच्या विजेत्याचे पाच लाख युरो रिवाजाप्रमाणे संघात वाटले जातात.

२०२५ ची व्हुएल्टा विंगेगार्डने जिंकली. डोंगरात त्याच्यासाठी वेग राखणाऱ्यांत कुस होताच.