बेटावरचा दिवस भरती-ओहोटी ठरवते

दिवाळीच्या सुटीत अंदमानला जाणारी मराठी कुटुंबं पहिला दिवस सेल्युलर जेलसाठी राखून ठेवतात. सावरकरांची कोठडी पाहून झाली की पुढच्या एखाद्या सकाळी बोट पकडून सगळे हॅवलॉकला निघतात. 1857 चा उठाव मोडायला लढलेल्या हेन्री हॅवलॉक या इंग्रज सेनानीचं नाव या बेटाला होतं. ते डिसेंबर 2018 मध्ये बदललं आणि बेट स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्री विजयपुरम आहे. दोहोंमध्ये समुद्राचं अंतर चाळीसेक किलोमीटर. खासगी कॅटामरान ते सुमारे दीड तासात कापते, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो.

सहलीच्या पत्रकात या बेटाच्या वाट्याला अनेकदा एकच दिवस येतो आणि त्यात तीन किनारे कोंबलेले असतात: एलिफंट बीच, कालापत्थर, राधानगर. हा क्रम गाडी आणि बोटीच्या सोयीने लागतो. तो आधी समुद्राला विचारून लावायला हवा.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हेही सगळ्यांना ठाऊक. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे दिवाळीची सुटी ऐन उधाणात येते. अशा दिवसांत अंदमानच्या समुद्राची पातळी भरती आणि ओहोटी यांमध्ये सुमारे दोन मीटरनं बदलते. मात्र पाऊणपटीचा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, तो तिथे लागू पडत नाही. अंदमानचं भरतीचं कोष्टक वेगळं असतं आणि ते इंटरनेटवर सहज मिळतं.

स्वराज द्वीपाच्या पूर्वेला, विजयनगर आणि कालापत्थरच्या बाजूला, पाणी उथळ आणि तळ प्रवाळांचा आहे. पूर्ण ओहोटीला पाणी दूरवर सरकतं, पोहायला जागा उरत नाही आणि खडबडीत तळ उघडा पडतो. पोरांनी तिथे पाण्यात उतरायचा हट्ट धरला, तर तळपाय कापण्याची भीती असते आणि पायाखाली जिवंत प्रवाळही चिरडले जातात. भरतीला याच किनाऱ्याचं पाणी हिरवंनिळं होऊन महुआच्या झुकलेल्या झाडांपर्यंत चढतं. जागा एकच, पण सहा तासांच्या फरकाने तिथे पोचलेली दोन कुटुंबं दोन वेगळी बेटं पाहून येतात.

दुसरा हिशेब सूर्याचा. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे नोव्हेंबरात तिथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईच्या सवयीनं नऊला न्याहारी आटोपून निघणाऱ्यांचा दिवसाचा उत्तम भाग तोवर सरलेला असतो. साहसाचे खेळ सकाळी आणि पश्चिमेचा राधानगर शेवटी, हाच क्रम इथे शहाणपणाचा. ‘टाइम’नं 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवलेल्या या किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. रुंद, मऊ वाळू आणि मागे उंच झाडांचं दाट रान. लहान मुलांनी डुंबावं असा किनारा हाच, मात्र जीवरक्षकांनी आखून दिलेल्या पट्ट्यातच. 2010 मध्ये इथेच, कडेच्या खडकाळ भागात, खाऱ्या पाण्यातल्या मगरीनं एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता. मगरीच्या पाट्या तिथे शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

एलिफंट बीचला बोटीनं जाता येतं, तशी रानातून अर्ध्यापाऊण तासाची पायवाटही आहे. ती खुली आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावं. शेवटचा टप्पा चिखलाचा असल्यानं इथेही ओहोटीची वेळ साधावी लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही वाट बोटीपेक्षा खचितच जास्त देते. लाकूडतोडीच्या काळात ओंडके ओढायला या बेटांवर हत्ती आणले होते आणि ते समुद्रात पोहत. त्यांच्यातला राजन हा पोहणारा हत्ती जगभर गाजला. 2016 मध्ये तो स्वराज द्वीपावरच वारला. किनाऱ्यावर आडवे पडलेले मोठाले वृक्ष 2004 च्या त्सुनामीची आठवण देतात.

पाण्याखालचं जग पाहायला दोन मार्ग आहेत. स्नॉर्केलला जवळपास कोणीही उतरू शकतं. स्कूबासाठी ‘पॅडी’ या संस्थेच्या नियमानुसार वय किमान दहा हवं आणि पहिल्या अनुभवात बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. विमानापूर्वी किती तास थांबायचं, याचेही नियम आहेत: एका डाइव्हनंतर किमान बारा तास, एकाहून अधिक डाइव्ह झाल्यास अठरा. बेटावरच्या शेवटच्या सकाळी डाइव्ह ठेवून दुपारचं विमान गाठायला लावणारी आखणी म्हणून धोक्याची. ज्यांना आधी सराव हवा, त्यांना तो मालवणजवळ तारकर्लीलाही मिळतो.

प्रवाळ हे प्राणी आहेत आणि त्यांचे गोलसर खडक वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. 2010 मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. आतलं शेवाळ निघून गेलं की त्यांचं अन्नच तुटतं. तापमान कुटुंबाच्या हाती नाही, पाय कुठे ठेवायचा हे मात्र आहे. अंगभर सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा, म्हणजे रसायनंही पाण्यात कमी जातात. प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

या दिवाळीत बुकिंग करणाऱ्यांनी हॉटेलचे फोटो मागण्याआधी सहल कंपनीकडे एवढं मागावं: आपल्या तारखांचं भरतीचं कोष्टक आणि त्याप्रमाणे लावलेला दिवसाचा क्रम. तो द्यायला कंपनी तयार नसेल, तर स्वराज द्वीपावर एक रात्र जास्त राहावं आणि दिवस स्वतःच आखावा.