'लंडन बोलत आहे' : 'क्लॅश'ची गाणी

रेडिओ लावला की आधी केंद्राचे नाव कानी पडते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या देशांत लोक दारे लावून, आवाज बारीक करून बी.बी.सी. ऐकत. 'लंडन कॉलिंग', म्हणजे 'लंडन बोलत आहे', ही तिथली उद्घोषणा. पुढे १९७९ साली लंडनच्या चार तरुणांनी हेच शब्द आपल्या एका गाण्याला नाव म्हणून घेतले. त्यांच्या बँडचे नाव 'द क्लॅश', म्हणजे झटापट.

बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. हा बँड तसला नव्हे. दोन गिटारी, एक खर्जातली बेस गिटार आणि ढोलांचा संच, एवढाच सरंजाम. या संगीताला पंक रॉक म्हणतात. 'पंक' ही खरे तर शिवीच. वाया गेलेला पोरगा, असा तिचा भाव. पण पोरांनी तीच अंगावर मिरवली.

'क्लॅश' उभा राहिला १९७६ साली. इंग्लंडात तेव्हा महागाई भडकली होती, शाळा सोडलेल्या मुलांना काम मिळत नव्हते. पंकवाल्यांचे म्हणणे असे, की सांगण्यासारखे काही असले तर दोन-तीन स्वरमेळ आले तरी पुरे. बँडमधला पॉल सिमोनन आला तेव्हा त्याला बेस वाजवताच येत नव्हती. वाद्याच्या पट्टीवर रंगाने स्वरांची नावे लिहून तो शिकला. शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे, नाही का?

आता त्यांच्या एका गाण्याची हकिगत सांगतो. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या उत्सवात पोलीस आणि काळे तरुण यांच्यात दंगल झाली. गायक जो स्ट्रमर आणि सिमोनन तिथे हजर होते. त्यावर त्यांनी 'व्हाइट रायट', म्हणजे 'गोऱ्यांचा दंगा', हे गाणे केले. काळी मुले अन्यायापुढे उभी राहतात, मग आपण गोरी मुले गप्प का, असा त्यांचा सवाल. पण नुसते नाव ऐकून काहींनी उलटाच अर्थ घेतला. काळ्यांविरुद्ध गोऱ्यांना चिथावणारे हे गाणे, असे त्यांना वाटले. बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणारा 'नॅशनल फ्रंट' पक्ष तेव्हा जोरात होता, म्हणून हा गैरसमज साधा नव्हता.

मग ३० एप्रिल १९७८ रोजी वंशद्वेषाविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. ट्रफाल्गर चौकातून लोक चालत व्हिक्टोरिया पार्कात आले. सुमारे ८० हजारांचा जमाव होता. 'क्लॅश'ने तिथे तेच गाणे म्हटले. गाणारा कुणाच्या बाजूला उभा आहे हे तिथे साऱ्यांना दिसले आणि अर्थाचा घोळ उरला नाही.

ही मंडळी शेजाऱ्यांकडून शिकतही होती. जमैकाहून आलेले रेगे संगीत लंडनच्या गल्लीत वाजत असे. ज्युनियर मर्विन या जमैकन गायकाचे गाणे त्यांनी १९७७ च्या पहिल्याच तबकडीत आपल्या ढंगाने म्हटले. पुढे 'लंडन कॉलिंग'मध्ये थेम्स नदीच्या पुराची धास्ती आली आणि अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात मार्च १९७९ मध्ये झालेल्या अपघाताची भीतीही आली. त्याच नावाच्या संचात दोन तबकड्या होत्या, आणि किंमत एकीची. गरीब पोरांनाही घेता यावा, हा हेतू.

पुढे आपसांत भांडणे झाली. गिटारवादक मिक जोन्सला १९८३ साली काढले आणि १९८६ मध्ये बँड मोडला. गाणी मात्र उरली. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक मागे ठेवून गेले त्या लेकरांवर 'क्लॅश'ने १९८२ साली 'स्ट्रेट टु हेल' हे गाणे केले होते. एम.आय.ए. या श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबातल्या गायिकेने त्याचेच संगीत घेऊन २००७ साली परदेशातून आलेल्यांवर आपले गाणे रचले. आणि नोव्हेंबर २००२ मध्ये, संपावरच्या अग्निशामक कामगारांच्या मदतीसाठी स्ट्रमर गात होता, तेव्हा श्रोत्यांतून मिक जोन्स उठला आणि रंगमंचावर चढला. जवळजवळ वीस वर्षांनी दोघे एकत्र वाजवू लागले. पुढच्याच महिन्यात स्ट्रमर वारला. वय अवघे पन्नास.

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गातली मुले उद्या गावच्या पाण्यावर, रस्त्यावर गाणे रचतील. सूर चुकला तरी त्यांना गाऊ द्या. फक्त एवढे विचारा : बाळांनो, हे गाणे कुणाच्या बाजूचे? आणि ते ऐकून कुणाला वेगळेच तर वाटणार नाही ना?