धृपदापुरती ओळख

मोठ्या शहराचा एक स्वभाव असतो. ते आपल्याला सारे काही दाखवते, पण आपल्याला काहीच विचारत नाही. न्यूयॉर्कला गेलेला आपल्याकडचा माणूस दिवसभर उंच इमारती पाहतो, संग्रहालये पालथी घालतो, पुलावरून नदी ओलांडतो. मग संध्याकाळी पाय बोलू लागले की त्याच्या ध्यानात येते, सकाळपासून आपल्याशी जे कोणी बोलले ते सुटे पैसे देण्यापुरते, नाही तर 'जरा वाट द्या' म्हणण्यापुरते! आपल्या गावात अशा वेळी पारावर जाऊन बसता येते. या शहरात पार कोठे शोधायचा?

मला विचाराल तर मी सांगेन, पियानो बारमध्ये. 'बार' हा शब्द वाचून आमच्या वाचक भगिनींच्या भुवया वर गेल्या असतील, याची मला कल्पना आहे. पण जरा धीर धरा. तेथे लिंबू पिळलेला सोडा मागितला तरी कोणी हसत नाही. मी मागितला आहे.

पियानो बार म्हणजे एक मध्यम आकाराची खोली, तिच्यात एक पियानो, आणि त्यावर रात्रभर वाजवणारा एक वादक. हा थाट न्यूयॉर्कमध्ये इतका का रुजला, याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. १९२६ साली या शहराने उपाहारगृहांतल्या गाण्याबजावण्यावर आणि नाचावर परवान्याचे बंधन घातले. पुढे त्या कायद्यात एक सवलत आली. पियानो, गिटार अशी निवडक वाद्ये जास्तीत जास्त तिघांनी वाजवली तर परवाना नको. तुतारी, ढोल आला की हवा! १९८०नंतरच्या दशकात न्यायालयाने हा वाद्यभेद मोडीत काढला आणि नाचावरचे उरलेसुरले बंधन २०१७ साली गेले. पण तोवर कितीतरी लहान मालकांनी हिशेब केला होता की, वाद्यवृंद परवडत नाही आणि कायद्यालाही चालत नाही, तेव्हा कोपऱ्यात एक पियानो बसवावा. कायद्याच्या फटीतून असे कधी कधी संगीतही उगवते.

या बारांचे दोन प्रकार आहेत; एक ऐकण्याचा, दुसरा गाण्याचा. ऐकण्याचा नमुना म्हणजे मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या कार्लाईल हॉटेलातील बेमेलमन्स बार. मुलांसाठी 'मॅडलिन'ची पुस्तके लिहिणारे लुडविग बेमेलमन्स यांनी १९४७ साली त्याच्या भिंती रंगवल्या. सेंट्रल पार्कात सहलीला आलेले ससे तेथे भिंतीवर बसलेले दिसतात. मोबदला म्हणून चित्रकाराने पैसे न घेता दीड वर्ष सहकुटुंब हॉटेलात मुक्काम केला म्हणतात. आपल्या नाटकमंडळींच्या बिऱ्हाडांची आठवण व्हावी असाच हा व्यवहार! जागा देखणी, वादन सुरेख. मात्र तेथे आपण पाहुणे असतो, आणि पाहुणेच राहतो.

गाण्याचा बार पाहायचा तर दक्षिणेकडे ग्रीनिच व्हिलेजमध्ये उतरावे. ख्रिस्तोफर स्ट्रीट स्थानकापासून चार पावलांवर ग्रोव्ह स्ट्रीट आहे. तेथे ५९ क्रमांकाच्या घरात पायऱ्या उतरून तळघरात गेले की 'मेरीज क्रायसिस' लागतो. छत बुटके, गर्दी दाट, आणि पियानोभोवती लोकांचे कोंडाळे. येथे कोणी एकटा गात नाही. सगळेच गातात. पडद्यावर शब्द उमटत नाहीत, कारण शब्द पाठच असतात. गाणी ब्रॉडवेच्या संगीतिकांमधली. 'ओक्लाहोमा', 'साउंड ऑफ म्यूझिक', 'माय फेअर लेडी' यांतली पदे ती मंडळी आपल्या आजोबांनी 'शाकुंतल', 'सौभद्र' म्हणावे तशी म्हणतात. 'माय फेअर लेडी'चे मूळ शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये, आणि त्याच शॉवरून पुलंची 'ती फुलराणी' अवतरली. तेव्हा अगदीच परक्या घरी आलो आहोत असे आपल्यालाही म्हणता यायचे नाही.

नवख्या माणसाला पहिली दहा मिनिटे अवघड जातात. हात कोठे ठेवावेत, तोंड कसे करावे, काही कळत नाही. मग गाण्याचे धृपद दुसऱ्यांदा येते आणि शेजारचा माणूस आपल्याकडे पाहून नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्यात 'आता तुम्ही' असे असते. आवाज बेसूर असला तरी चालतो, तीस-चाळीस आवाजांत तो खपून जातो. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळाच्या डब्यात चुकून चढलेल्या माणसाच्या हाती कोणी टाळ देते, त्याचाच हा अमेरिकन अवतार. तुम्ही कोण, कोठले, काय पगार, असे कोणी विचारत नाही. धृपदापुरती ओळख तेवढ्यावेळ पुरेशी असते.

पण हा मोकळेपणा आयता आलेला नाही. हा बार मुख्यतः समलिंगी मंडळींचा, आणि पूर्वी अशा मंडळींना न्यूयॉर्कमध्ये उघडपणे पेला मिळणेही कठीण होते. त्यांना दारू दिली तर परवाना जाईल, ही भीती मालकांना असे. २१ एप्रिल १९६६ रोजी काही तरुण येथून जवळच्याच 'ज्युलियस' बारमध्ये गेले, आपण समलिंगी आहोत असे त्यांनी सांगितले आणि पेय मागितले. बारवाल्याने समोरच्या पेल्यावर हात झाकला. त्या हाताचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. तीन वर्षांनी, २८ जून १९६९च्या पहाटे, शेजारच्याच 'स्टोनवॉल'वर पोलिसांची धाड पडली तेव्हा लोक मुकाट्याने पांगले नाहीत, उभे राहिले. २०१६ साली त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. ज्यांच्या पेल्यावर एकदा हात ठेवला गेला, ती माणसे दुसऱ्याच्या पेल्यावर हात ठेवत नाहीत. माझ्या मते या बारच्या आतिथ्याचे मर्म इथे आहे.

आणि नावातला तो 'क्रायसिस'? मेरी हे मालकीणबाईंचे नाव, आणि 'क्रायसिस' टॉमस पेन यांचे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पडत्या काळात, १७७६ च्या डिसेंबरात, त्यांनी 'अमेरिकन क्रायसिस' ही पत्रके लिहायला घेतली. ८ जून १८०९ रोजी ते याच जागी असलेल्या घरात वारले. धर्मावर टीका केली म्हणून अमेरिकेने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे. भिंतीवरील फलकावर त्यांचे नाव वाचताना मराठी माणूस थबकतो, कारण याच पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडले आणि त्यांच्या विचारांना धार आली. सर्वांनी वाळीत टाकलेला माणूस जेथे गेला, तेथे आज वाळीत टाकलेली माणसे गात बसतात. हा योगायोग असेल. पण अर्थपूर्ण आहे.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहारी गोष्टी. वय एकवीस पूर्ण हवे आणि पासपोर्ट जवळ असावा, दारात पाहतात. लवकर जावे, म्हणजे पियानोजवळ उभे राहायला जागा मिळते. पियानोवर एक भांडे ठेवलेले असते. वादकाचे पोट मोठ्या अंशी त्यावर चालते, तेव्हा एक-एक डॉलरच्या नोटा सुट्या ठेवाव्यात आणि फर्माईश करताना तर हात मुळीच आखडू नये. गाण्याच्या मध्ये मोठ्याने गप्पा मारू नयेत. आणि आपला आवाज फार चांगला असेल तर जरा आवरता घ्यावा. चारचौघांत मिसळणे हाच तेथला रियाज आहे. बसूनच ऐकायचे असेल तर ४६ व्या रस्त्यावर १९८२पासून चालू असलेले 'डोन्ट टेल मामा' आहे. तेथे तर पेला आणून देणारेच मध्येच गाऊन जातात.

आपण आतिथ्य म्हणजे खाऊ घालणे समजतो. आल्याआल्या पाणी, मग चहा, मग 'जेवूनच जा'. ते थोरच आहे. पण पाहुणा आपल्या घरात फार वेळ नुसता बसून राहिला की अवघडतो, हेही खरे. त्याला शेंगा सोलायला द्याव्यात, आकाशकंदील टांगताना शिडी धरायला सांगावी, म्हणजे तो लगेच घरचा होतो. त्या तळघरातल्या मंडळींना ही युक्ती चांगली ठाऊक आहे. ते परक्याला काही वाढत नाहीत, कामाला लावतात. दोन ओळींचे धृपद त्याच्या वाट्याला देतात, आणि त्या दोन ओळींपुरते ते अवाढव्य शहर त्याचे होते.