घरी बांधलेल्या विमानाचा पुढचा दिवा

रविवारी सकाळी चहाच्या वेळी फोन वाजला की तो बहुधा माझ्या भाच्याचा असतो. आमच्या इंदूरला रविवार उजाडतो तेव्हा अमेरिकेत शनिवारची रात्र असते आणि तो गॅरेजमधून हात पुसत बोलत असतो. गेली पाच वर्षे तो तिथे एक विमान बांधतो आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात हे सांगितले तेव्हा अर्ध्या लोकांना मी चेष्टा करतोय असे वाटले होते. चेष्टा नाही. आरव्ही-७ नावाचे दोन आसनी विमान आहे, सुट्या भागांचा संच विकत घेऊन रिव्हेटने जोडायचे. या आरव्ही मालिकेची दहा हजारांहून जास्त विमाने लोकांनी आपापल्या गॅरेजात बांधून उडवली आहेत.

मागच्या महिन्यात त्याने विचारले, "मामा, तुम्ही जन्मभर कारखान्यांत दिवे लावलेत. लँडिंग लाइट कोणता घेऊ? एक दहा हजार ल्युमेनचा स्वस्तात मिळतोय."

दिवा इतका महत्त्वाचा का वाटतोय, हे त्याने नंतर सांगितले. आदल्या हिवाळ्यात तो एका मित्राच्या विमानात शेजारी बसून रात्री उतरत होता. छोटी धावपट्टी, भोवती मक्याची शेते. जमीन जवळ आली तेव्हा उजेडाच्या कडेला दोन ठिपके चमकले. हरणाचे डोळे. मित्राने तत्काळ पूर्ण शक्ती देऊन विमान वर घेतले, एक फेरी मारली आणि हरीण गेल्यावर उतरवले. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या धावपट्ट्यांवर हरणे येणे नवलाचे नाही. "दिवा तीन सेकंद उशिरा पोचला असता तर?" असे म्हणून तो गप्प बसला. मग मीही पुस्तके काढून बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो. विमान नाही, पण गाडी, ट्रॅक्टर किंवा अंगणातला फोकस घेणाऱ्यालाही यातले बरेच उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेने, शिकण्यासाठी स्वतः बांधला असेल तर त्याची "प्रायोगिक" वर्गात नोंद होते. या हौशी मंडळींची ईएए ही संघटना १९५३ साली पॉल पोबेरेझनी यांनी सुरू केली, आणि विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी तिचा मोठा मेळा दर उन्हाळ्यात भरतो. आपल्याकडे हे वेड अगदीच नाही असे नाही. मुंबईत कांदिवलीला वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले आणि २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पण रात्रीच्या उड्डाणाचा प्रश्न आपल्याकडे फारसा येत नाही, कारण नजरेच्या भरवशावर करायच्या उड्डाणाला भारतात सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी मनाई सुरू होते. फ्लाइंग क्लबच्या स्थानिक आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांना तेवढी परवानगीने सूट मिळते.

अमेरिकेत ती मनाई नाही. तिथला कायदा रात्रीसाठी पंखांच्या टोकांचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा दिवा मागतो, लुकलुकणारा टक्करविरोधी दिवा मागतो, पुरेशी वीज आणि जादा फ्यूज मागतो. लँडिंग लाइट मात्र भाड्याने चालणाऱ्या विमानालाच सक्तीचा. घरी बांधलेले विमान भाड्याने चालवता येत नाही. म्हणजे माझ्या भाच्याने हा दिवा लावलाच नाही तरी कोणी अडवणार नाही, आणि लावला तर तो किती प्रखर, कुठे, कोणत्या कोनात, हे सांगणारेही कोणी नाही. सगळी जबाबदारी बांधणाऱ्यावर.

आता या दिव्याचे काम काय? धावपट्टी शोधणे हे त्याचे काम नव्हे. ती कडेच्या दिव्यांच्या रांगांनी मैलोगणती दुरून दिसते. हा दिवा शेवटच्या दहा-बारा सेकंदांसाठी असतो. पट्टीवरचे टायरचे काळे ओरखडे दिसू लागले की जमीन किती खाली आहे याचा अंदाज येतो आणि नाक हळूहळू उचलायची वेळ कळते. मध्येच हरीण, कुत्रा किंवा कोणी विसरलेली गाडी असेल तर तीही यातच दिसायची. हे विमान उतरताना ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. शंभर मीटरवरची वस्तू तीन सेकंदांत तुमच्यापाशी. तीनशे मीटरवर दिसली तर हातात नऊ सेकंद. एवढ्या वेळात वैमानिक काही करू शकतो. म्हणून प्रश्न "दिवा किती मोठा" हा नाही. "तीनशे मीटरवर किती उजेड पडतो" हा आहे.

इथेच ते दहा हजार ल्युमेन फसवतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. एका दिशेला तो किती एकवटला आहे हे कँडेलात मोजतात. पाण्याच्या पाइपचे उदाहरण घ्या. तेवढेच पाणी, पण अंगठ्याने तोंड दाबले की धार गच्चीपर्यंत जाते. हिशेब करून पाहिला. २००० ल्युमेन १० अंशांच्या झोतात बसवले तर सुमारे ८० हजार कँडेला होतात. तेच ४० अंशांत पसरले तर जेमतेम ५ हजार. दिवा तोच, वीज तीच, फरक सोळापट. आणि एखाद्या जागी उजेड किती पडेल हे काढायला कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागायचे. उत्तर लक्समध्ये येते. १०० मीटरवर पहिला दिवा ८ लक्स देईल, दुसरा अर्धा. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते, म्हणजे दुसऱ्या दिव्याने चांदण्याची दुप्पट तेवढी साधली! शिवाय डांबर काळे. पडलेल्या उजेडातला फारच थोडा डोळ्याकडे परत येतो. भाच्याचा तो स्वस्त दिवा ट्रॅक्टरवर लावायचा, रुंद पसरणारा होता. नांगरटीला उत्तम, विमानाला निरुपयोगी. विकणाऱ्याने कँडेलाचा आकडा दिलाच नव्हता. जो विक्रेता कँडेला आणि झोताचा कोन सांगत नाही त्याच्याकडून विमानासाठी दिवा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग सगळा उजेड अगदी बारीक धारेत कोंबावा का? तेही नाही. १० अंशांचा झोत १०० मीटरवर साधारण साडेसतरा मीटर रुंद होतो. छोट्या धावपट्ट्या १८ ते २३ मीटर रुंद असतात, तेव्हा हे माप उतरायला जमते. पण उतरल्यावर विमान गाडीसारखे चालवत हँगरकडे न्यायचे असते. तेव्हा २० मीटरवर हाच झोत साडेतीन मीटरचा. वळणावर पंखाचे टोक कशाला घासेल ते दिसणारच नाही. म्हणून दोन दिवे लागतात: एक लांब पल्ल्याचा अरुंद, एक जवळचा रुंद. दोन्ही पंखांत एकेक अरुंद आणि एकेक रुंद असे चार लावणारेही आहेत.

दिव्यांच्या जातींबद्दल. कित्येक वर्षे छोट्या विमानांत ४५०९ क्रमांकाचा बंद काचेचा बल्ब चालत आला: साडेचार इंच व्यास, १०० वॅट, १ लाख १० हजार कँडेला. धार झकास, म्हणजे ३०० मीटरवरही एक लक्सहून जास्त. पण त्याचे ठरवलेले आयुष्य फक्त २५ तास! इंजिनाच्या झाकणाखाली बसवला तर कंपनाने तार त्याआधीच तुटायची. त्यामुळे वैमानिक तो जपून, शेवटच्या मिनिटालाच लावत. व्होल्टेजबाबतही तो नाजूक. तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या सुमारे साडेतीनाव्या घाताने बदलतो, म्हणजे बारीक वायरीमुळे व्होल्टेज १० टक्के कमी पोचले तर उजेड ३० टक्के घटतो. आमच्या कारखान्यात लांबच्या शेडमधले दिवे पिवळे का पडत, त्याचे कारण हेच होते.

त्यानंतर गाड्यांतले झेनॉन दिवे आले. ३५ वॅटमध्ये तीन हजारांच्या वर ल्युमेन, म्हणजे ५५ वॅटच्या हॅलोजनच्या दुप्पट. पण पेटायला हजारो व्होल्टचा झटका लागतो, पूर्ण तेजाला यायला काही सेकंद जातात, आणि सारखी उघडझाप त्यांना सोसत नाही.

आज नवे विमान बांधणाऱ्याने एलईडीच घ्यावा, यात मला शंका नाही. तुटायला तार नाही, आयुष्य हजारो तासांचे, आणि वीज कमी. १०० वॅटचा जुना बल्ब सात अँपिअर ओढायचा, २० वॅटचा एलईडी दीड अँपिअर. रात्री आल्टरनेटर बंद पडून विमान नुसत्या बॅटरीवर आले तर हा फरक मोठा ठरतो. रेडिओ आणि उपकरणे चालू ठेवूनही दिवा लावता येतो. दिवसाही दोन पंखांचे दिवे आलटून पालटून लुकलुकवत ठेवता येतात. समोरून येणाऱ्या विमानाला स्थिर ठिपक्यापेक्षा हलता ठिपका लवकर दिसतो. अमेरिकी विमान प्रशासनाचाही सल्ला असा की दहा हजार फुटांखाली आणि विमानतळाच्या दहा मैलांच्या आत दिवसासुद्धा लँडिंग लाइट चालू ठेवावा.

पण एलईडीचे दोन रोग आहेत. पहिला उष्णता. तापला की उजेड कमी होतो. हवेत वारा लागतो म्हणून ठीक, पण जमिनीवर प्लॅस्टिकच्या काचेमागे कोंडलेला दिवा पाच मिनिटांत तापतो, म्हणून मागे अ‍ॅल्युमिनियमचा भरपूर पत्रा हवा. दुसरा रोग जास्त वाईट: रेडिओची खरखर. दिव्यातले व्होल्टेज बदलणारे सर्किट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करते आणि त्याचा गोंगाट विमानांच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. भाच्याने तो ट्रॅक्टरचा दिवा शेवटी मागवलाच होता. (मामाचे ऐकतो कोण?) टेबलावर दिवा लावला, शेजारी हातातला विमानी रेडिओ ठेवला, आणि विमानतळाच्या हवामानाचा संदेश खरखरीत पार बुडाला. उतरताना नेमका टॉवरचा आवाज असा जाणे परवडणारे नाही. दुसरा, विमानासाठीच बनवलेला दिवा आणला तेव्हा दिवा लावल्या-विझवल्याचा रेडिओला पत्ताही लागला नाही. पंखात बसवण्याआधी ही टेबलावरची चाचणी दोन मिनिटांची. बसवल्यावर पंख उघडायला दोन दिवस.

जागा म्हणाल तर पंखाची पुढची कड उत्तम. तिथे पत्रा कापून मागे दिवा आणि पुढे वाकवलेली पारदर्शक काच बसवतात. कंपन कमी, आणि झोत फिरत्या प्रोपेलरमधून जात नाही. मात्र आतल्या बाजूला काळी आडपट्टी हवी. उजेड प्रोपेलरवर किंवा कॉकपिटच्या काचेवर पडला तर डोळे दिपतात, आणि अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळा फ्यूज, वेगळा स्विच द्यावा, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो.

राहिला कोन. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हँगरमध्ये उभ्या विमानाचे दिवे समोर सरळ केले की काम झाले असे वाटते. पण भाच्याच्या विमानाला शेपटीखाली चाक आहे. उभे असताना त्याचे नाक दहा-बारा अंश वर असते. त्या स्थितीत सरळ केलेला झोत उतरताना, नाक खाली असताना, थेट चाकांपुढची जमीन दाखवील. उतरण्याची वाट तीन अंशांची असते, तेव्हा त्या वेळी विमानाचे नाक ज्या कोनात असेल त्यात झोत क्षितिजाच्या तीन अंश खाली हवा. पुढे जमिनीजवळ नाक उचलले की हाच झोत आकाशात जातो. तेव्हा खाली वळवलेला रुंद दिवा उपयोगी पडतो. म्हणजे दोन दिव्यांचे कोनही वेगवेगळे हवेत.

हे जुळवायचे काम गेल्या रविवारी मी व्हिडिओवर पाहिले. नाकाचा कोन त्याच नमुन्याच्या एका मित्राच्या विमानात दिवसा उतरताना मोजून आणलेला होता. सुनेने आणि शेजाऱ्याने मिळून शेपटी उचलून लाकडी घोडीवर ठेवली, कोनमापी लावून ती हवी तेवढी वर केली. साडेसात मीटरवर गॅरेजच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीची टेप लावली. साडेसात मीटरला तीन अंश म्हणजे सुमारे ३९ सेंटिमीटर, तेवढ्या खाली दुसरी टेप. मग अंधार करून दिवा लावला आणि झोताचा मधला ठिपका खालच्या टेपवर येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवले. डावा लगेच जमला. उजव्याचा कंस वाकडा निघाला, तो काढून पुन्हा ठोकावा लागला.

विमान अजून उडालेले नाही. पहिले ४० तास चाचणीचे आणि ते दिवसाचेच, त्यामुळे रात्रीच्या उतरण्याला वर्ष तरी जाईल. त्याचा शिक्षक तेव्हा त्याला दिवा बंद ठेवूनही उतरायला लावणार आहे, नुसत्या कडेच्या दिव्यांवर, इंजिनाची थोडी शक्ती राखून. आमच्या ताईला हे मी अजून सांगितलेले नाही.