योसेफ स्वोबोदा: प्रकाशाचा खांब उभारणारा नेपथ्यकार

प्रकाश स्वतः दिसत नाही, तो ज्यावर पडतो ते दिसतं. नाटकवाल्यांना हे रोजचंच. त्यामुळे १९६७ साली जर्मनीतल्या वीसबाडेनला वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ या ऑपेरात मंचावर नुसत्या प्रकाशाचा खांब उभा राहिला, हे खरोखरच नवल होतं. लाकूड नाही, कापड नाही, काच नाही; तरी त्या खांबाला गोलाई होती, जाडी होती.

तो उभारला चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा याने. कमी व्होल्टेजच्या दिव्याची तार आखूड आणि जाड असते. उजेड जवळजवळ एकाच बिंदूतून निघतो आणि झोत फारसा न फाकता सरळ जातो. स्वोबोदाने असेच दिवे वापरले. पण झोत नजरेस पडायचा तर हवेत काहीतरी हवं, आणि धूर सोडला तर तो पांगतो. म्हणून अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं सोडून त्या थेंबांना विद्युतभार दिला. सारखा भार असलेले थेंब एकमेकांना दूर लोटतात. एकत्र येऊन जड होत नाहीत, चटकन खाली बसत नाहीत. या तरंगत्या धुक्याने प्रकाशाला अंग दिलं. कमी व्होल्टेजच्या दिव्यांच्या ओळीला युरोपातले प्रकाशयोजनाकार आजही ‘स्वोबोदा’ म्हणतात.

स्वोबोदाचा जन्म १० मे १९२०चा, बोहेमियातल्या चास्लाव गावचा. वडील लाकूडकाम करणारे. मुलगाही आधी तेच शिकला आणि नंतर प्राग शहरात वास्तुकलेकडे वळला. दुसरं महायुद्ध संपल्यावर तो ऑपेराच्या कामात शिरला, १९४८मध्ये प्रागच्या नॅशनल थिएटरमध्ये आला आणि पुढे तिथला मुख्य नेपथ्यकार व तांत्रिक प्रमुख झाला. आयुष्यभरात त्याने सुमारे ७०० प्रयोगांचं नेपथ्य केलं. मला त्याच्या कामाचं मर्म त्या सुतारकीत दिसतं. लाकूड हाती घेतल्यावर सुतार आधी त्याच्या रेषा पाहतो, मग रंधा चालवतो. स्वोबोदाने फिल्म, आरसा आणि प्रकाश यांना तसंच हाताळलं. सजावट म्हणून त्यांचा वापर त्याला मान्यच नव्हता.

जगाला त्याचं नाव कळलं ते ब्रसेल्सच्या १९५८च्या जागतिक प्रदर्शनात. दिग्दर्शक आल्फ्रेड रादोक आणि स्वोबोदा यांनी तिथे ‘लातेर्ना माजिका’ सादर केलं. पडद्यावर फिल्म, पुढे जिवंत कलाकार आणि दोघांचा एकच खेळ! मंचावरची निवेदिका पडद्यावरच्या स्वतःच्याच प्रतिमांशी बोलायची. वादक मंचावर पियानो वाजवायचा आणि पडद्यावर तोच माणूस दुसरी वाद्यं घेऊन त्याला साथ द्यायचा. पडदे स्थिर नव्हते, तेही हलत. नर्तकांच्या पायाखाली सरकता पट्टा होता. तंत्र एका सेकंदाने चुकलं तरी सगळा डोलारा कोसळावा, इतकं ते नाजूक होतं.

त्यातली अडचणही लवकरच लक्षात आली. फिल्म एकदा कापून जोडली की तिचा वेग कायमचा ठरतो. नट आज दमलेला असो, प्रेक्षक जरा जास्त हसलेले असोत, फिल्म थांबत नाही. नटाला तिच्या मागे धावावं लागतं. रंगभूमीचा प्राण म्हणजे आज, आत्ता, या लोकांसमोर घडणं. तोच इथे बांधला जात होता. रादोकच्या वाट्याला तर आणखी वेगळं दुःख आलं. पुढच्या कार्यक्रमातल्या एका भागावर अधिकाऱ्यांनी बंदी घातली आणि स्वतः घडवलेल्या त्या रंगमंचावरून त्याला दूर केलं. १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात आल्यावर तो स्वीडनला गेला आणि १९७६मध्ये परदेशातच वारला. लातेर्ना माजिकाचं श्रेय सांगताना रादोकचं नाव मागे पडतं, हा अन्याय आहे.

फिल्मच्या त्या अडचणीवर स्वोबोदाने शोधलेला उपाय १९६५मध्ये बोस्टनला दिसला. संगीतकार लुईजी नोनोचा असहिष्णुतेवरचा ऑपेरा होता. या वेळी आधी चित्रित केलेल्या फिल्मवर भिस्त नव्हती. टीव्हीचे कॅमेरे त्याच क्षणाची दृश्यं पडद्यावर टाकत होते. मग एक कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. पडद्यावर स्वतःला बघून लोक सुखावले, आणि तेवढ्यात चित्र निगेटिव्ह झालं: गोरे चेहरे काळे! नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असलेल्या अमेरिकेत, तिकीट काढून बसलेल्या माणसाला क्षणभर दुसऱ्याच्या कातडीत बसवलं गेलं. आज सभा-समारंभांत एलईडीची भिंत हमखास असते, पण बहुतेक वेळा तिच्याकडून जुन्या रंगवलेल्या पडद्याचंच काम घेतलं जातं. प्रतिमेने प्रेक्षकाशी काय करावं, याचं उदाहरण मला अजूनही बोस्टनमध्येच सापडतं.

१९६७च्या मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात स्वोबोदाची ११२ ठोकळ्यांची एक भिंत होती. प्रत्येक ठोकळ्यात स्लाइडचे २ प्रोजेक्टर, आणि ठोकळे मागेपुढे सरकणारे. सुमारे १५,००० स्लाइडमधून विश्वाची उत्पत्ती दाखवली होती. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १९७४ ते १९७६ या काळात वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका झाली, तेव्हा स्वोबोदाच्या नेपथ्यात सगळा खेळ एका मोठ्या चौथऱ्यावर होता. तो वर जाई, कलंडे, फिरे, आणि त्याच्या तळाला आरसा असल्याने मंचाखालचं पाताळही प्रेक्षकांना दिसे.

१९७३पासून लातेर्ना माजिका या रंगमंचाची कलात्मक सूत्रं स्वोबोदाकडे आली. १९७७मध्ये मंचावर आलेला ‘कोऊझेल्नी त्सिर्कुस’, म्हणजे जादूची सर्कस, हा तिथला खेळ अनेक दशकं चालला.

१९९२मध्ये इटलीतल्या माचेराता गावच्या खुल्या प्रेक्षागारात त्याने वेर्दीचं ‘ला त्राविआता’ केलं. रंगवलेली कापडं उभी न टांगता जमिनीवर अंथरली आणि मागे प्रचंड आरसा तिरका उभा केला. जमिनीवरचं चित्र आरशात उभं दिसायचं. एक कापड ओढून घेतलं की खालचं दुसरं उघडं पडायचं, आणि वेळ न दवडता दृश्य बदलायचं. शेवटी आरसा सरळ उभा व्हायचा आणि त्यात प्रेक्षागार दिसू लागायचं. ८ एप्रिल २००२ला स्वोबोदा प्रागमध्ये वारला. त्यानंतरही या आरशाच्या ‘त्राविआता’चे प्रयोग होत राहिले.