मेंढा (लेखा) : सर्वसहमती, वनहक्क आणि शांतता

मानवी हक्कांचे अध्यापन आपल्या महाविद्यालयांत बहुधा १९४८ च्या सार्वत्रिक जाहीरनाम्यापासून सुरू होते आणि आयोगांच्या रचनेपाशी थांबते. परंतु ज्या प्रदेशात एका बाजूस सशस्त्र नक्षलवादी व दुसऱ्या बाजूस पोलीस दल अशी स्थिती अनेक दशके राहिली, तेथे सामान्य माणसाने आपले हक्क मिळवायचे कसे? गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाने आणि तेथील कार्यकर्ते देवाजी तोफा यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या नियोजित धरणांविरुद्ध आदिवासींचे मोठे आंदोलन झाले. त्या जागृतीतून मेंढ्याचे काम उभे राहिले. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्याने गावात अभ्यासगट सुरू झाला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा पुढे महाराष्ट्रभर पोहोचली. तिच्यामागील कार्यपद्धतीकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले.

ही पद्धती सर्वसहमतीची आहे. ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असल्यास विषय पुढील बैठकीत पुन्हा चर्चेस येतो. पिंपरी-चिंचवड वा चाकण येथील वेतनकरारांची वाटाघाट जवळून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अव्यवहार्य वाटेल. आपल्याकडे प्रतिनिधी सही करतात आणि नाराजांनी ती मान्य करावयाची असते. परंतु संघर्षग्रस्त प्रदेशात बहुमताने हरलेला गट हाच कोणत्याही शस्त्रधारी पक्षाला सहज हाताशी धरता येतो. सर्वसहमतीने अशी दुही उरत नाही. शिवाय सारे व्यवहार उघड सभेत होत असल्याने संशयालाही फारशी जागा राहत नाही. या पद्धतीचे शांततेच्या दृष्टीने खरे महत्त्व येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या एकजुटीची कसोटी बांबूवर लागली. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपज गोळा करणे, वापरणे व विकणे हा समूहाचा हक्क ठरला आणि त्यात बांबूचा स्पष्ट उल्लेख आहे. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले; अशी मान्यता मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही वनविभाग वाहतूक परवाना देईना, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती. परवान्याविना बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता. म्हणजे हक्क कागदावर आणि बांबू जंगलात! ग्रामसभेने हिंसेचा वा लाचेचा मार्ग न पत्करता कायद्याच्याच आधारे पाठपुरावा केला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्यानंतर परवान्यावर सही ग्रामसभेची होऊ लागली.