लाटेखालचे पाते : लाकूड, काच की कार्बन?

१९३५ साली हवाईतल्या वायकिकीला टॉम ब्लेकने टाकून दिलेल्या एका स्पीडबोटीच्या तळाचा धातूचा कणा काढला आणि आपल्या सर्फबोर्डाखाली ठोकला. तोवर फळी वळवायला पाय पाण्यात ओढत न्यायचा, आणि तिचा मागचा भाग घसरणार हे गृहीतच धरायचे. ब्लेकची फळी सरळ धावली. फिनचा, म्हणजे फळीखालच्या या पात्याचा, जन्म हा असा, हाताला लागेल त्या वस्तूतून!

फिन कशाची करावी, हा प्रश्न खऱ्या अर्थाने जॉर्ज ग्रीनोने विचारला. कॅलिफोर्नियाच्या या अवलियाने साठच्या दशकात ट्यूना माशाची शेपटी न्याहाळली आणि बुडाशी रुंद, टोकाकडे निमुळती, लवचीक फिन फायबरग्लासमधून घडवली. वळणात ती वाकते आणि सुटताना सवाराला पुढे लोटते. १९६६ मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग जिंकला, तो ग्रीनोच्याच धाटणीच्या फिनवर.

फिन मोडू नये एवढेच पाहणारा कारागीर अर्धेच पाहतो. ती कुठे वाकते आणि किती झटकन परत येते, हे महत्त्वाचे. पात्याची जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे महागड्या मालापेक्षा कानसच जास्त ठरवते.

फायबरग्लासच्या फिनसाठी काचकापडाचे थर रेझिनमध्ये एकावर एक बसवून आधी जाड पत्रा करतात, मग त्यातून आकार कापून घासतात. घासताना उघडे पडणारे थर नकाशावरच्या समोच्चरेषांसारखे दिसतात. त्या दोन्ही अंगांना सारख्या उतरल्या, की मधली फिन समतोल झाली. बाजूच्या फिन आतून बहुधा सपाट ठेवतात. ही या मालाची मोठी सोय. त्याचा दोष म्हणजे वजन.

लाकूड हलके आणि देखणे, पण एका चिरेतून पाणी शिरले की फुगते. प्लाय वापरायचाच तर मरीन घ्यावा (आपल्याकडे त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो), आणि कडेला काचतंतूंची दोरी रेझिनमध्ये भिजवून गुंडाळावी. म्हणजे लाकडाची कड पाण्याला लागतच नाही.

कार्बनचे धागे काचेच्या सुमारे तिप्पट ताठ. त्यामुळेच अख्खी फिन कार्बनची केली तर ती अनेकदा पाण्यात निर्जीव वाटते. हलक्या गाभ्यावर, बुडापाशी एखाद-दुसरा थर दिला तर त्याचे पैसे वसूल होतात. बाकी बरीचशी काळ्या रंगाची ऐट. साच्यात ओतलेल्या नायलॉनच्या फिन स्वस्त आणि बोथट असतात. नवशिक्याच्या पायाला त्याच बऱ्या.

पहिली फिन स्वतः करणार असाल तर काचकापड आणि इपॉक्सी घ्या. टोक एकदम पातळ करू नका, घासलेले परत चढत नाही. आणि काचेची धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा चांगला मास्क लावल्याशिवाय कानस हातात धरू नका.